दाब कोणाचा वाढला

आमच्या कॉलेजात अकरावी सायन्सच्या पोरांना एक वाक्य तोंडपाठ असतं आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. ‘प्रेशर वाढलं की लेस मोल्स साइड.’ क्लासच्या नोट्समध्ये ते जाड अक्षरांत, चौकटीत छापलेलं आहे. वर्गात माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत मागच्या बाकावरून कुणीतरी ते वाक्य फेकतं, बाकीचे माना डोलावतात आणि विषय संपतो. पुढचा धडा घ्या मॅडम.

वाक्य साफ खोटं असतं तर मी ते एका दिवसात पुसून टाकलं असतं. ते अर्धं खरं आहे, म्हणून जास्त चीड येते. अमोनियाचं उदाहरण घ्या. नायट्रोजनचा एक रेणू आणि हायड्रोजनचे तीन, असे चार मिळून अमोनियाचे दोन होतात. ही अभिक्रिया उलटीही चालते, तयार झालेला अमोनिया फुटून पुन्हा नायट्रोजन-हायड्रोजन होत राहतो. बंद भांड्यात काही वेळाने दोन्ही दिशांची ये-जा सारख्या वेगाने चालू लागते आणि बाहेरून बघणाऱ्याला सगळं थांबल्यासारखं वाटतं. त्याला समतोल म्हणायचं. आता भांड्याचा दट्ट्या खाली दाबला, आतली जागा कमी केली, की सगळ्यांचीच दाटी होते आणि समतोल चारांकडून दोनांकडे सरकतो. अमोनिया वाढतो. लेस मोल्स म्हणजे ही कमी रेणूंची बाजू. इथपर्यंत वाक्य बरोबर आहे. पण दोन्ही बाजूंना रेणू सारखेच असतील, तर दट्ट्या कितीही दाबा, काही सरकत नाही. आणि दट्ट्याला हात न लावताच दाब वाढवला तर काय होतं? ते चौकटीत नाही. जागा उरली नसेल बहुतेक.

मी घाटकोपरच्या एका ज्युनिअर कॉलेजात सव्वीस वर्षं केमिस्ट्री शिकवते. त्यातली पहिली पंधरा-सोळा वर्षं मी शिकवत होते असं छातीठोक म्हणता येईल. मग कॉलेजचं एका क्लासशी टाय-अप झालं. अकरावी-बारावीच्या दोन तुकड्या क्लासच्याच, त्या मुलांची कॉलेजात फक्त हजेरी लागते. उरलेली एक तुकडी साधी, म्हणजे ज्यांना क्लास परवडत नाही त्यांची, आणि ती माझ्याकडे. क्लासच्या नोट्सच्या झेरॉक्स मात्र तिच्यातही फिरतात. पण परीक्षा सगळ्यांची एक. पेपर क्लासवाले काढतात, उत्तरांची यादी क्लासवाले पाठवतात, आणि आम्ही, पोस्टग्रॅज्युएट झालेली माणसं, फोनवर त्या यादीचा फोटो उघडून पेपर तपासतो. यादीत जे आहे ते बरोबर, जे नाही ते चूक. पहिल्या वर्षी मी यावर भांडले, दुसऱ्या वर्षी कुरकुरले, तिसऱ्या वर्षी फोनचा चष्मा वेगळा करून घेतला.

जिची ही गोष्ट, ती मुलगी माझ्या साध्या तुकडीत होती. गोवंडीहून बसने यायची. दहावीपर्यंत म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत होती. आईवडील मूळचे जालन्याकडचे, वडील टेम्पो चालवायचे आणि आई चेंबूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये साफसफाईला होती. त्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या मशीनला लावून बसणारी एक बाई होती. आईबरोबर एकदा गेली असताना मुलीने ते मशीन पाहिलं आणि आपण तिथे बसायचं असं ठरवून टाकलं. त्यासाठी बारावी सायन्स हवं, एवढी साधी गोष्ट होती. पहिल्याच आठवड्यात वर्गात तिने हात वर करून मला ‘बाई’ म्हटलं. मराठी शाळेत शिक्षिकेला बाईच म्हणतात. अख्खा वर्ग हसला. मीही हसले, हे सांगून टाकते.

हसायचं मला काहीच कारण नव्हतं. मी स्वतः भांडुपच्या मराठी शाळेतून आलेली. अकरावीत ‘लेस मोल्स’ पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनात ‘कमी मोलाची बाजू’ असं भाषांतर झालं आणि मला वाटलं, रसायनशास्त्रातही स्वस्त-महाग असतं की काय. प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर मी पेन्सिलीने मराठी शब्द लिहायची आणि शेजारणीला दिसू नये म्हणून कोपराने झाकायची. इंग्रजी जमायला लागल्यावर मी तो सगळा काळ पुसून टाकला, आणि मुलांना मी कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यासारखी वाटते याचं मला गुपचूप कौतुकही होतं.

या मुलीचीही तीच तऱ्हा होती, फक्त ती झाकत नव्हती. व्हॉल्यूमवर आकारमान, इनर्टवर निष्क्रिय, नोबल गॅसवर राजवायू. पहिल्या चाचणीत तिने हे प्रश्नपत्रिकेवरच सुरू केलं. प्रश्नपत्रिकेवर सीट नंबरशिवाय काही लिहायचं नसतं, हा नियम. मी तिची प्रश्नपत्रिका काढून घेतली, दुसरी दिली आणि सगळ्यांसमोर झापलं की असं एकेक शब्द लावत बसलीस तर पेपर कधी संपणार, सायन्स असं होत नाही. ती म्हणाली, बरं मॅडम. त्यानंतर तिच्या तोंडून बाई हा शब्द मी ऐकला नाही.

दिवाळीआधी सत्र परीक्षा झाली. पेपरात एक दोन मार्कांचा प्रश्न होता. अमोनियाची अभिक्रिया समतोलात आहे. भांड्याचं आकारमान स्थिर ठेवून त्यात आर्गॉन, म्हणजे कशाशीही अभिक्रिया न करणारा राजवायू, सोडला, तर समतोलावर काय परिणाम होईल, कारण द्या. प्रश्न चांगला होता, जुन्या कुठल्यातरी चांगल्या पुस्तकातून उचललेला असणार. यादीतलं उत्तर क्लासमधल्या कुणीतरी न वाचता टाकलेलं होतं: दाब वाढल्याने समतोल कमी मोलांच्या बाजूला सरकेल. दोन मार्क.

चार दिवसांत ऐंशी पेपर संपवायचे होते. मी झरझर तपासत गेले. बहुतेकांनी चौकटीतलं वाक्य लिहिलं होतं, त्यांना टिक. या मुलीच्या पेपरात त्या जागी पहिले दोनच शब्द दिसले, ‘नो इफेक्ट’, आणि माझ्या हाताने काट मारली. खाली तीन ओळींचं कारण होतं. मी ते वाचलं नाही. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी खूप पेपर असे तपासले असतील, पण हा एक माझ्या मानगुटीवर बसला आहे.

ती केमिस्ट्रीत दोन मार्कांनी गेली.

नापास झालेल्यांसाठी नियमाने फेरपरीक्षा असते. आमच्याकडे त्याआधी पालकांना बोलावून समजावतात, आणि बहुतेक पालक समजावले जातात. व्हाइस प्रिन्सिपल सरांची पद्धत फार मऊ आहे. आवाज खाली, समोर पाण्याचा ग्लास, मुलीच्या भल्याचंच सांगतोय असा चेहरा. तुमच्या मुलीला सायन्स झेपत नाहीये. आत्ताच दाखला घ्या, आणि पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून आर्ट्समधून बारावीला बाहेरून बसवा, वर्ष वाया जाणार नाही. सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे कॉलेजात न जाता बारावीला बसणाऱ्यांचा. त्यात प्रयोगशाळा नाही, म्हणजे सायन्स नाही, म्हणजे ते मशीनही नाही. सरांना त्या बदल्यात काय मिळतं हे सगळा स्टाफ जाणून आहे. कच्ची मुलं अकरावीतच गळली की बारावीचा निकाल शंभर टक्के लागतो आणि गेटवर बॅनर लागतो. दर वर्षी तो बॅनर लागतो आणि दर वर्षी मी त्याखालून आत जाते.

तिची आई अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आली होती. सरांचं ऐकून घेतलं आणि तुम्ही म्हणाल तसं साहेब, म्हणाली. मुलगी म्हणाली, मला आधी पेपर बघायचाय. सरांनी दोघींना माझ्याकडे पाठवून दिलं. मी स्टाफरूममध्ये डबा उघडत होते. पुन्हा बंद करावा लागला म्हणून वैतागलेच होते.

मी गठ्ठ्यातून पेपर काढून दिला. तिने इकडेतिकडे न बघता तो प्रश्न उघडला आणि विचारलं की हे का चुकलं. माझ्या तोंडून काय बाहेर पडलं असेल? तेच. ज्या वाक्याने माझं डोकं फिरतं, तेच वाक्य, क्लासच्या पोरांच्या चालीत. मी म्हटलं, “दाब वाढला ना? मग सरकणार ना ते लेस मोल्स साइडला.”

तिने आपल्या तीन ओळींवर बोट ठेवलं. मग म्हणाली, “दाब वाढला, पण कोणाचा? आर्गॉनचाच ना, मॅडम? बाकीचे तिघं होते तेवढेच आहेत, जागा पण होती तेवढीच आहे. त्यांना काय फरक पडला?”

आईने तिची बाही ओढली आणि मॅडमना काय शिकवतेस म्हणून दटावलं.

मी पेपर हातात घेतला आणि तिची तीन ओळींची मोडकीतोडकी इंग्रजी पहिल्यांदा वाचली. आर्गॉन रिअ‍ॅक्शनमध्ये नाही. व्हॉल्यूम सेम, म्हणून नायट्रोजन, हायड्रोजन, अमोनिया यांचं प्रेशर सेम. म्हणून इक्विलिब्रियम सेम. व्याकरणाच्या चार चुका होत्या, रसायनशास्त्राची एकही नव्हती. मग मी शेवटचं पान उलटलं. तिथे कच्चं काम म्हणून तिने प्रत्येक प्रश्न मराठीत उतरवून काढला होता. प्रश्नपत्रिकेवर लिहायचं नाही म्हणून मी दम दिला होता ना, म्हणून इथे. या प्रश्नाखाली लिहिलं होतं: ‘स्थिर आकारमानाला राजवायू घातला’. आणि स्थिर या शब्दाखाली दोन रेघा.

पेपरातला सगळा डाव त्या एका शब्दावर होता. दट्ट्या दाबून दाब वाढवला तर प्रत्येक वायूची दाटी होते, म्हणून समतोल हलतो. जागा तेवढीच ठेवून कुणाशी देणंघेणं नसलेला आर्गॉन आत सोडला, तर दाबमापकाचा काटा वर चढतो खरा, पण नायट्रोजन, हायड्रोजन आणि अमोनिया एकमेकांना पूर्वी जितक्यांदा भेटत होते तितक्यांदाच भेटतात. काट्याला फरक पडतो, त्यांना पडत नाही. फाडफाड इंग्रजी वाचणाऱ्या पोरांनी ‘कॉन्स्टंट व्हॉल्यूम’ डोळ्यांखालून घातलं आणि पुढे गेली. ही एकेक शब्द मराठीत लावत बसली होती, म्हणून तिला तो शब्द सापडला. मीही फाडफाडच वाचला होता. आणि हे सगळं मला येत नव्हतं असं नाही. टाय-अपच्या आधी मी दर वर्षी फळ्यावर दोन भांडी काढून नेमकं हेच शिकवत होते.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी दोघींना तिथेच बसवलं, माझा डबा आईपुढे सरकवला, खा म्हटलं, आणि पेपर घेऊन केबिनमध्ये गेले.

सरांना केमिस्ट्री कळत नाही, ते कॉमर्सचे. त्यांनी क्लासच्या केमिस्ट्रीवाल्याला फोन लावून स्पीकरवर टाकला. तो वर्षादोन वर्षांपूर्वी कॉलेजातून बाहेर पडलेला तरुण. मी आर्गॉनचं सांगितलं. तो म्हणाला, हां, टेक्निकली मॅडम बरोबर आहेत, पण या लेव्हलला इतकं डीप कोण बघतं. मी विचारलं, इतकं डीप नव्हतं तर प्रश्नात कॉन्स्टंट व्हॉल्यूम कशाला घातलं? त्यावर म्हणाला की प्रश्न त्याने काढला नव्हता, त्याने फक्त उत्तर टाकलं होतं. मी त्याला नको ते बोलले. सरांनी फोन बंद केला आणि पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

मी म्हटलं, सगळे पेपर पुन्हा तपासते. ते म्हणाले, मग ज्यांना टिक मिळालीय त्यांचे दोन-दोन मार्क जाणार, त्यातले काही नापास होणार, आणि उद्या सकाळी क्लासचे पालक गेटवर उभे राहणार. मी म्हटलं, प्रश्न रद्द करा, सगळ्यांना दोन मार्क द्या. ते म्हणाले, त्यासाठी पेपर चुकला असं लेखी द्यावं लागेल, आणि टाय-अपचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. मी आवाज चढवला. काचेच्या दारापलीकडे शिपाई थांबून बघायला लागला. मी म्हटलं की चूक त्यांची आणि दाखला त्या पोरीने घ्यायचा, हा कुठला न्याय. त्यांचा आवाज काही वर गेला नाही. ते म्हणाले, “अहो मॅडम, एवढ्यासाठी भांडता कशाला? तिला ग्रेसमध्ये बसवू. मुलगी राहते, तुमचं समाधान होतं, विषय संपतो.”

आणि मी हो म्हटलं.

त्याची कारणं मी नंतर स्वतःला खूप सांगितली. मुलगी सायन्समध्ये राहणं महत्त्वाचं, बाकी तत्त्वाच्या गप्पा. मी आणखी ताणलं असतं तर सरांनी ग्रेसही काढून घेतली असती. त्यातलं थोडंफार खरंही आहे. पण खरं कारण हे की मी घाबरले. गेल्या वर्षी एका बाईंनी असंच ताणलं होतं तर त्यांना उरलेलं वर्षभर नुसती प्रॅक्टिकलं दिली होती. मला मुलुंडहून दोन बस बदलून नुसत्या बुन्सेन बर्नरवर लक्ष ठेवायला यायचं नव्हतं.

प्रगतिपुस्तकावर केमिस्ट्रीच्या मार्कांपुढे एक छोटा तारा छापून आला आणि तळाला बारीक अक्षरांत त्याचा अर्थ: ग्रेस देऊन उत्तीर्ण. ते न्यायला आई पुन्हा अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आली. स्टाफरूमच्या दारात तिने चपला काढल्या. आम्ही कुणीच काढत नाही. तिने माझ्यापुढे हात जोडले आणि म्हणाली, उपकार झाले मॅडम, पोरीचं वर्ष वाचवलंत. मला त्या क्षणी म्हणता आलं असतं की ताई, उपकार कसले, ते तिच्या हक्काचे मार्क आहेत, चूक मी केली. शेजारच्या टेबलावर दोघं बसले होते, त्यांनी ऐकलं असतं. मी म्हटलं, असू दे, असू दे, आता नीट अभ्यास कर म्हणावं. जगातल्या सगळ्या भित्र्या माणसांना हे ‘असू दे’ येत असावं.

मुलगी त्या ताऱ्याकडे बघत होती. तिने विचारलं, उत्तर बरोबर होतं ना, मग तारा कशाला? मी म्हटलं, पद्धत असते ती. तिला कॉरिडॉरमध्ये बाजूला घेतलं आणि आवाज खाली करून, अगदी सरांसारखा मऊ करून, सांगितलं, “हे बघ, परीक्षेत जास्त डोकं चालवायचं नाही. शंका आली की सरळ लेस मोल्स लिहायचं आणि मोकळं व्हायचं. कळलं?”

ती म्हणाली, कळलं मॅडम.

जानेवारीत मी तो धडा पुन्हा घेतला. कुणी सांगितलं नव्हतं, पोर्शनमध्ये पुढे जायचं होतं, तरी घेतला. फळ्यावर दोन भांडी काढली, एकात दट्ट्या खाली आणलेला, दुसऱ्यात आर्गॉन सोडलेला. कोणत्या भांड्यात कोणाचा दाब वाढला हे एकेकाला उभं करून वदवून घेतलं. शेवटी एकाने विचारलं की मॅडम ते ठीक आहे, पण पेपरात काय लिहायचं. माझा तोल गेला. मी डस्टर टेबलावर आपटलं, खडूची पांढरी धूळ पहिल्या बाकापर्यंत गेली, आणि मी त्याला वर्गाबाहेर काढलं. बिचाऱ्याने सगळ्यात खरा प्रश्न विचारला होता. ती दुसऱ्या बाकावर होती. मान खाली घालून लिहीत होती, तिने काही विचारलं नाही. दिवाळीनंतर ती वर्गात काही विचारतच नसे. मी ते शहाणपण समजले. पोरगी सुधारली असं स्टाफरूममध्ये एक-दोनदा बोलूनही दाखवलं.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा झाली आणि क्लासवाल्यांनी आपल्या आळसाला शोभेल असं केलं. तोच प्रश्न, फक्त अमोनियाच्या जागी दुसरी अभिक्रिया आणि आर्गॉनच्या जागी हेलियम. यादीत उत्तर तेच, कमी मोलांच्या बाजूला. म्हणजे मी केबिनमध्ये घसा फोडून सांगितलेलं त्या तरुणाने उतरवूनही घेतलं नव्हतं. या वेळी मी फोनबिनच्या भानगडीत पडले नाही. साधा कागद घेतला, मराठीत पत्र लिहिलं, सत्र परीक्षेतली चूकही त्यात घातली, खाली सही केली आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारून घेतला. सर म्हणाले, वरून उत्तर येईपर्यंत यादीप्रमाणे तपासा. मी म्हटलं, नाही तपासणार. ज्याने बरोबर लिहिलंय त्याला मी दोन्ही मार्क देणार, तुम्हाला काय करायचं ते करा. प्रॅक्टिकलं तर प्रॅक्टिकलं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

घरी जाऊन गठ्ठा सोडला आणि सगळ्यात आधी तिचाच पेपर शोधला. मला तिला ते दोन मार्क द्यायचे होते. लाल पेनाने, ठळक, बाजूला तारा-बिरा नसलेले. सहा महिने माझ्या डोक्यात ते दोन मार्क होते. मी पान उलटलं.

सुंदर अक्षरांत, व्याकरणाची एकही चूक नसलेल्या इंग्रजीत तिने लिहिलं होतं की दाब वाढल्यामुळे समतोल कमी मोलांच्या बाजूला सरकेल. चौकटीतलं वाक्य, शब्दाला शब्द. मी शेवटचं पान बघितलं, कच्च्या कामाचं. कोरं होतं.

मी तिच्यावर भयंकर चिडले. स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. मी एवढं पत्र लिहिते, नोकरी पणाला लावते, आणि ही बया चुकीचं लिहून ठेवते! हे असं चिडणंसुद्धा किती निर्लज्जपणाचं होतं ते मला पेपर दाखवायच्या दिवशी कळलं.

आठवडाभराने, गठ्ठा तपासून झाल्यावर, प्रयोगशाळेत पेपर दाखवायचे होते. मुलं रांगेने येऊन पेपर बघून सही करत होती. तिला चांगले मार्क होते, पास-नापासाचा प्रश्नच नव्हता. बारावीत ती जाणार होती, साध्या तुकडीतून नाव काढण्यासारखी. तिने मार्कांची बेरीज तपासली आणि पेन उचललं. मी त्या प्रश्नावर बोट ठेवलं. तिथे मी मार्क मांडलेच नव्हते, जागा मोकळी ठेवली होती. मी विचारलं की याचं बरोबर उत्तर तुला माहीत आहे ना. ती म्हणाली, आहे. मी विचारलं, “मग लिहिलं का नाहीस? या वेळी मी दोन्ही मार्क देणार होते.”

तिने माझ्याकडे सरळ बघितलं. राग होता तिच्या डोळ्यांत, आणि तो आजचा नव्हता. हळू आवाजात म्हणाली, “ते मला कुठे माहीत होतं, मॅडम? बरोबर लिहिलं असतं आणि परत तारा आला असता, तर माझ्या आईला परत तुमच्यापुढे हात जोडायला लागले असते.”

मग तिने त्या मोकळ्या जागेकडे न बघता सही केली, पेपर गठ्ठ्यावर ठेवला आणि मागच्या मुलीला जागा करून दिली.